अकोले तालुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाला कळसूबाईला यायचं असतं, कुणाची इथल्या आश्रमशाळेत बदली झालेली असते, कुणाला आजोबांचा दाखला शोधायचा असतो, तर कुणाला भंडारदऱ्याजवळ 'छोटासा प्लॉट' हवा असतो. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच राहतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अकोले म्हणजेच अकोला का?

नाही. अकोला विदर्भात आहे आणि तो जिल्हा आहे. अकोले हा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातला तालुका, पार पश्चिमेच्या टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत. गोंधळ जुना आहे. इंग्रजांच्या काळातल्या कागदांत या तालुक्याचं नावही 'अकोला' असंच लिहिलेलं सापडतं, त्यामुळे जुनी कागदपत्रं चाळताना जिल्हा आधी बघा. माझ्या नावाचं पुस्तकांचं एक खोकं विदर्भात दोन आठवडे मुक्काम करून आलं. तेव्हापासून मी पत्त्यात 'मु. पो. ता. अकोले, जि. अहिल्यानगर' एवढ्यावर थांबत नाही, पिनकोड ठळक लिहितो. अकोले शहराचा पिन ४२२६०१, राजूर-भंडारदऱ्याकडचा ४२२६०४. सुरुवातीचे तीन आकडे नाशिककडचे आहेत, ते चुकलेले नाहीत.

२. तालुका नेमका कुठे येतो? शेजारी कोण?

उत्तरेला नाशिक जिल्ह्यातले इगतपुरी आणि सिन्नर, पूर्वेला संगमनेर, दक्षिणेला पुणे जिल्ह्यातलं जुन्नर, पश्चिमेला कडा उतरला की ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड. म्हणजे एका तालुक्याला तीन परक्या जिल्ह्यांच्या हद्दी लागतात. क्षेत्रफळ सुमारे १,५०० चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २ लाख ९२ हजारांच्या आसपास होती.

संगमनेर वीस-बावीस किलोमीटर, नाशिक सत्तरएक, आणि स्वतःचं जिल्ह्याचं ठिकाण सव्वाशेच्या आसपास. घाटघरच्या माणसाला नगरला कलेक्टर कचेरीत जायचं तर दीडशे किलोमीटरच्या पुढे प्रवास होतो. दवाखाना, कॉलेज, लग्नाचा बस्ता यासाठी लोक संगमनेर नाहीतर नाशिक गाठतात. नगर फक्त कागदासाठी.

३. सगळा तालुका डोंगराळ आहे का?

हा प्रश्न नीट समजून घेतला तर पुढचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत. इथले लोक तालुका चार भागांत सांगतात: डांगाण, प्रवरा खोरं, मुळा खोरं आणि आढळा खोरं.

डांगाण म्हणजे राजूरच्या पश्चिमेचा उंच, दाट पावसाचा पट्टा. शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर, बारी ही त्यातली गावं. जुनी माणसं 'चाळीसगाव डांगाण' म्हणतात, त्याचा खानदेशातल्या चाळीसगावशी काही संबंध नाही. कळसूबाई (१,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर) याच बाजूला, इगतपुरीच्या हद्दीवर. पायथ्याचं बारी गाव आपल्या तालुक्यात. रतनगडाच्या परिसरात प्रवरा उगम पावते.

राजूर उतरून अकोल्याकडे आलं की डोंगर मागे सरतात आणि ऊस, कांदा, डाळिंब, टोमॅटो दिसू लागतो. हे प्रवरा खोरं. अगस्ती साखर कारखाना इथला. दक्षिणेला हरिश्चंद्रगडाकडून येणाऱ्या मुळा नदीचं खोरं, त्याची बाजारपेठ कोतूळ. उत्तर-पूर्वेला समशेरपूर, देवठाणकडचं आढळा खोरं. समशेरपूरकडच्या डोंगरात पट्टा किल्ला उभा आहे. जालन्याच्या मोहिमेवरून परतताना १६७९ साली शिवाजी महाराज तिथे विसाव्याला थांबले, म्हणून त्याला विश्रामगड म्हणतात.

तेव्हा 'अकोल्यात पाऊस कसा, शेती कशी, जमिनीचा भाव काय' असं विचारलंत, तर समोरचा आधी 'कुठल्या अंगाला?' असंच विचारणार. ते टाळाटाळ म्हणून विचारत नाहीत.

४. एवढा पाऊस पडतो, मग उन्हाळ्यात टँकर कशाला?

घाटघर-रतनवाडीला चांगल्या मोसमात ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. वर्तमानपत्रं त्याला 'नगरची चेरापुंजी' म्हणतात. अकोले शहरात त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढा. पन्नासएक किलोमीटरच्या आत एवढा फरक.

पण डांगाणात पडलेलं पाणी थांबत नाही. खाली काळा कातळ, वर उतार, मातीचा थर हातभर. आषाढात ज्या ओढ्यातून माणूस वाहून जाईल, त्या ओढ्यात होळीनंतर डबकी उरतात. धरणाचं पाणी डोळ्यांसमोर असतं, पण ते गावापेक्षा खाली असतं आणि वर उपसायला वीज, पंप, परवानगी तिन्ही लागतं. वाडीतल्या बाया एप्रिल-मेमध्ये झऱ्याशी वाटीनं पाणी गोळा करत बसतात. हंडा भरायला तास जातो, पुन्हा झरा पाझरेपर्यंत पुढचीनं थांबायचं. नंबर लावलेल्या हंड्यांची रांग मी ऐन धरणाच्या काठावरच्या वाडीत बघितली आहे.

५. तालुक्यात धरणं कोणती? आणि त्यांचं पाणी कुणाला मिळतं?

सर्वांत जुनं आणि ठाऊक असलेलं भंडारदरा. प्रवरेवर, शेंडी गावाजवळ, दगडी बांधणीचं. काम १९१० मध्ये सुरू झालं, १९२६ मध्ये पुरं झालं. कागदोपत्री विल्सन डॅम, जलाशयाला आर्थर लेक. साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे बोलीभाषेत 'अकरा टीएमसी'. या धरणाचे कालवे अकोल्यात सुरूच होत नाहीत. पाणी नदीतून खाली जातं आणि संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा-उजवा कालवा निघतो. धरण आमचं, कालवे खालच्यांचे, ही तक्रार शंभर वर्षांची आहे.

खाली निळवंडे, साठवण ८.३२ टीएमसी. याची कथा स्वतंत्र लेखाची आहे. १९७० मध्ये मूळ प्रकल्पाला मान्यता मिळाली तेव्हा खर्च धरला होता ७ कोटी ९६ लाख. जागा तेव्हा म्हाळादेवीला होती, पुढे ती निळवंड्याला सरकली. डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं ते ३१ मे २०२३ ला, आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झालं. तोवर खर्च ५,००० कोटींच्या पुढे गेला होता. कालव्याची वाट बघता बघता दोन पिढ्या गेल्या. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्यासाठी प्रश्न १७ पाहा.

आढळेवर देवठाणला धरण आहे. मुळेच्या वरच्या अंगाला आंबित, छोटंसं, बहुतेक वर्षी सर्वांत आधी तेच भरतं आणि 'आंबित ओव्हरफ्लो' ही मोसमातली पहिली बातमी असते. त्याखाली कोतूळजवळ पिंपळगाव खांड. घाटघरला विजेसाठी उदंचन प्रकल्प आहे, २५० मेगावॉटचा. वरचा तलाव अकोल्यात, खालचा कड्याखाली शहापूर तालुक्यात चोंढे इथे. विजेची मागणी असते तेव्हा पाणी खाली सोडायचं, रात्री स्वस्त विजेनं तेच पुन्हा वर चढवायचं.

दुष्काळी वर्षी 'जायकवाडीला पाणी सोडा'चा वाद पेटतो, तोही याच पाण्याचा. समन्यायी वाटपाची तरतूद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे, त्यामुळे मोर्चे कितीही निघाले तरी निर्णय त्या चौकटीत होतो.

६. मुळा म्हणजे पुण्याचीच मुळा ना?

नाही, फक्त नाव एक. पुण्याची मुळा मुठेला मिळून भीमेकडे जाते. आमची मुळा हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात उगम पावते, राहुरीच्या मोठ्या मुळा धरणात थांबते आणि पुढे प्रवरेला मिळते. प्रवरा नेवाशाजवळ प्रवरासंगमला गोदावरीत जाते. एकीचं पाणी शेवटी कृष्णेला, दुसरीचं गोदेला.

७. इथली माणसं कोण? आदिवासी तालुका म्हणतात तो का?

२०११ च्या जनगणनेप्रमाणे जवळजवळ निम्मी लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. त्यात सर्वांत मोठा समाज महादेव कोळी, त्यानंतर ठाकर. पूर्वेच्या खोऱ्यांत मराठा आणि इतर शेतकरी समाज अधिक, बाजारगावांत व्यापारी, कारागीर, मुस्लिम कुटुंबं. 'निम्मी' हा आकडाही पूर्ण तालुक्याचा झाला. डांगाणातल्या अनेक गावांत जवळजवळ सगळेच आदिवासी, तर देवठाण-गणोरेकडे चित्र उलटं.

बाहेरून आलेले शिक्षक पहिल्या वर्षी एक चूक हमखास करतात: 'कोळी' ऐकून मासेमारी करणारे समजतात. महादेव कोळी डोंगरातले शेतकरी. त्यांचे पूर्वज किल्ल्यांवर आणि घाटवाटांवर राखणीला असत. ठाकर वेगळे. त्यांची बोली वेगळी, कांबड नाच त्यांचा. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा गावशिवेवर वाघोबाला नैवेद्य जातो आणि गुराखी पोरं त्या दिवशी मानाची असतात. बोहाडा अजूनही काही गावांत रंगतो. रात्रभर एकेक सोंग येतं, संबळ वाजतो, आणि मुखवटा चढवलेला माणूस सकाळी तुमच्याशेजारी यष्टीत उभा असतो.

अकोले शहर अगस्ती ऋषींचं म्हणून ओळखलं जातं. प्रवरेकाठी आश्रम आहे, महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. आणि राजूरला आलात तर पेढे घ्या. जाहिरात म्हणून सांगत नाही, न घेता गेलेले नंतर विचारतात.

८. डांगाणात नेमकं काय पिकतं? आणि मार्चमध्ये सगळीकडे धूर का दिसतो?

भात, नागली, वरई. खाचरात भात, उतारावर नागली-वरई. जोडीला हिरडा, करवंद, मध असं रानातलं. तो धूर वणव्याचा असेलच असं नाही. रोपासाठी जी जागा राखलेली असते तिच्यावर शेण, पालापाचोळा, वाळकं गवत यांचे थर देऊन, वर माती टाकून ती भाजतात. याला राब म्हणतात. तण जळतं, राख खत होते. मृग लागला की त्या भाजलेल्या जागेत दाणे फेकायचे आणि रोपं वीतभर झाली की आवणी, म्हणजे ती उपटून खाचरात लावायची. आवणीच्या पंधरा-वीस दिवसांत डांगाणात कुणाला फोन करू नका. घोट्याच्या वर चिखलात वाकलेली माणसं, पाठीवर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद, आणि खिशात फोन ठेवायची सोय कुणालाच नसते.

आवणी उरकली की घरटी एक-दोघं कामाला बाहेर पडतात. जुन्नरकडे नारायणगावला मजुरांचा बाजार भरतो, तिथे टोमॅटो, द्राक्षं, कांद्याची कामं मिळतात. त्यामुळे ग्रामसभा, शिबिरं, जनगणनेसारखी कामं या महिन्यांत ठेवणाऱ्याला कुलुपं दिसतात. इथले साहेब लोक हे शिकेस्तोवर त्यांची बदली होते.

डांगी गाय-बैल ही इथली जात, मुसळधार पावसात टिकणारी. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. गावठी बियाण्यांसाठी देशभर नाव झालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या, कोंभाळणे गावच्या. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

९. राघोजी भांगरे इथलेच का?

हो, देवगावचे. इंग्रज आणि सावकारशाहीविरुद्ध महादेव कोळ्यांचं बंड त्यांनी उभं केलं. पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली.

१०. कुठल्या कामाला कुठल्या कचेरीत जायचं?

तहसील आणि पंचायत समिती या दोन वेगळ्या कचेऱ्या आहेत, दोन वेगळे साहेब आहेत, हे आधी पक्कं करा. तहसीलदार महसूल खात्याचे: सातबारा, फेरफारावरची तक्रार, रेशन, उत्पन्नाचा दाखला, निवडणूक यादी. गटविकास अधिकारी पंचायत समितीचे: घरकुल, प्राथमिक शाळा, ग्रामपंचायतीची तक्रार, गावातल्या पाणी योजना. पाणंद रस्त्यावरचं अतिक्रमण हटवायचं तर तहसील, त्याच रस्त्यावर खडी टाकायची तर बहुधा पंचायत समिती. म्हणून माणसं दिवसभर दोन इमारतींच्या मधे फिरत असतात.

प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, संगमनेरला बसतात. जातीचा दाखला त्यांच्या सहीनं निघतो. अर्ज सेतूतून भरता येतो, त्यासाठी संगमनेरची वारी करू नका.

आदिवासी विकासाची योजना, आश्रमशाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती यासाठी राजूरचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. लोक त्याला नुसतं 'प्रकल्प' म्हणतात, तिथला अधिकारी 'पीओ साहेब'. अकोले शहराला नगरपंचायत आहे, त्यामुळे शहरातली घरपट्टी किंवा जन्मनोंद असेल तर पंचायत समितीत जाऊन उपयोग नाही. पोलीस ठाणी अकोले आणि राजूर इथे. गाड्यांची नोंदणी श्रीरामपूरला, म्हणून पाटी एमएच १७ ची.

११. तलाठी हे पद गेलं म्हणतात. मग आता कुणाला भेटायचं?

माणूस तोच, पाटी बदलली. २०२४ मध्ये तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी. अर्जावर नवं नाव लिहा. बोलताना दोघांनाही 'भाऊसाहेब'च म्हणतात, तेव्हा कुठले भाऊसाहेब हे विचारून घ्या. एकाकडे दोन-तीन गावं असतात, म्हणून निघण्याआधी एक फोन करा. साधा सातबारा हवा असेल तर त्यांच्याकडे जायचंही कारण नाही. डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या १५ रुपयांत निघतो आणि तो सगळीकडे चालतो.

१२. आमची वाडी नकाशात गाव म्हणून दिसत नाही. का?

कारण गाव या शब्दाचे तीन अर्थ आहेत. महसुली गाव म्हणजे ज्याला स्वतंत्र नकाशा, गट क्रमांक आणि शिव आहे ते. तालुक्यात अशी एकशे नव्वदच्या आसपास गावं आहेत. ग्रामपंचायती त्याहून कमी, कारण काही ठिकाणी दोन-तीन गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत असते. आणि वाड्या मोजायला बसलात तर मोजणी पुरी होणार नाही. एका महसुली गावात आठ-दहा वाड्या, दोन वाड्यांत तासाचं चालणं, मधे ओढा.

कागदावर वाडीचं नाव नसलं तरी मतदार यादी, शाळा, अंगणवाडी यांच्या नोंदीत ते असतं. पत्त्याचा पुरावा म्हणून तेच दाखवा. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा कायदा) जिथे लागू आहे तिथल्या वाडीला मात्र आणखी एक वाट आहे: २०१४ च्या राज्य नियमांप्रमाणे वाडीतल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित करण्याची मागणी करता येते. तशी घोषणा झाली की तिची ग्रामसभा वेगळी. पेसा तुमच्याकडे लागू आहे का, ते पुढे.

१३. पूर्ण तालुका पेसात येतो का?

नाही, आणि इथेच सर्वांत जास्त माणसं चुकतात. २ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे तालुक्यातली ९४ गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. बाकीची नाहीत. पेसा कायदा (१९९६) त्या ९४ गावांपुरता. त्यातल्या ग्रामपंचायतींत सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असतं, आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध (कशावर खर्चायचा ते गावानं ठरवायचं असा) निधी थेट त्यांच्या खात्यावर येतो, आणि गौण वनोपज, पाणी, दारूदुकान अशा बाबतीत ग्रामसभेचं म्हणणं घ्यावं लागतं.

शिवेच्या एका बाजूचं गाव पेसात आणि दुसऱ्या बाजूचं बाहेर, असं घडतं. बाहेरच्या गावातही आदिवासी कुटुंबं आहेत. त्यांचं जमातीचं आरक्षण, शिष्यवृत्ती, वनहक्क कायदा (२००६) यांत काही कमी होत नाही, कारण ते माणसाला लागू आहे. पेसा गावाला लागू आहे.

नोकरीबद्दल: अनुसूचित क्षेत्रातली ठरावीक १७ संवर्गांतली पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी म्हणून जाहीर झाली. यात 'स्थानिक' म्हणजे स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबा २६ जानेवारी १९५० पासून जिल्ह्यातल्या अनुसूचित क्षेत्रात सलग राहणारे. यावर कोर्टकज्जे बरेच झाले आहेत, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता त्या त्या भरतीची जाहिरात वाचा.

१४. भंडारदऱ्याजवळ थोडी जागा घ्यायची आहे. एजंट म्हणतो सगळं क्लिअर आहे.

महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो, बहुतेक पावसाळ्यातल्या सहलीनंतरच्या सोमवारी.

पहिलं: शेतजमीन विकत घ्यायला तुम्ही शेतकरी असायला हवं, हा कूळ कायद्यातला नियम राज्यभर आहे. दुसरं: जमीनमालक आदिवासी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ आडवं येतं. बिगरआदिवासीला विक्री करायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेनं. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची मान्यता वर. व्यवहारात अशी परवानगी खासगी घरासाठी मिळते असं समजून पैसे देऊ नका.

तिसरं, जे एजंट कधीच सांगत नाही: हे कलम पेसापुरतं नाही. गाव ९४ च्या यादीत नसलं तरी मालक आदिवासी असेल तर बंधन आहेच. नोटरी केलेला साठेखत, नव्याण्णव वर्षांचा 'भाडेकरार', कुणा ओळखीच्या आदिवासी माणसाच्या नावावर घेऊन मागून वापर, या तिन्ही वाटा मी लोकांना बुडताना बघितलेल्या आहेत. जमीन परत मूळ मालकाकडे जाते आणि पैसे कुणाकडूनच परत येत नाहीत.

चौथं: कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झालं, सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचं. त्यातली आणि लगतची बांधकामं वनखात्याच्या नजरेखाली असतात. जलाशयाच्या काठची जागा तर पाटबंधारे खात्याची निघण्याची शक्यता दाट.

सातबारा घ्या, 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा. फेरफाराची साखळी मागे नेत नेत पहिल्या मालकापर्यंत जा. आडनावावरून अंदाज बांधू नका.

१५. आजोबा अकोल्याचे, आम्ही ठाण्यात वाढलो. जमातीचा दाखला कुठून काढायचा?

अनुसूचित जमातीसाठी मानीव दिनांक ६ सप्टेंबर १९५०. त्या दिवशी तुमचं कुटुंब ज्या ठिकाणी कायम राहत होतं, तिथल्या सक्षम अधिकाऱ्याकडून दाखला निघतो. आजोबा तेव्हा राजूरला असतील तर दाखला संगमनेरच्या प्रांतांकडून, तुमचा जन्म ठाण्याचा असला तरी. लग्न होऊन आलेल्या स्त्रीचा दाखला वडिलांच्या घराण्याच्या पुराव्यावर. जुन्नर किंवा इगतपुरीची लेक इथे नांदायला आली म्हणून तिचा दाखला इथून निघत नाही.

पुराव्यात शाळेच्या जुन्या रजिस्टरचा उतारा सर्वांत वजनदार. त्यात नुसतं 'कोळी' किंवा 'हिंदू कोळी' लिहिलेलं असेल तर पडताळणीत अडकायला होतं, कारण यादीत 'कोळी महादेव' आहे. काका, चुलत आजोबा, आत्या अशा रक्तनात्यातल्या जुन्या नोंदी गोळा करा आणि वंशावळ नीट जुळवा. पडताळणी समिती जमातींसाठी वेगळी असते, इतर मागासवर्गाच्या जिल्हा समितीकडे अर्ज केला तर वर्ष फुकट जातं.

१६. आमदाराची जागा एसटीसाठी राखीव आणि खासदाराची एससीसाठी, हे कसं? आणि हरिश्चंद्रगड नक्की कुणाच्या हद्दीत?

दोन्ही प्रश्न हद्दीचे, म्हणून एकत्र. अकोले विधानसभा मतदारसंघ (क्रमांक २१६) अनुसूचित जमातीसाठी राखीव. तो ज्या शिर्डी लोकसभा मतदारसंघात येतो तो अनुसूचित जातीसाठी राखीव. दोन्ही आरक्षणं स्वतंत्रपणे ठरतात. शिवाय विधानसभेची हद्द म्हणजे तालुक्याची हद्द नव्हे, संगमनेरच्या पठार भागातली काही गावंही अकोले मतदारसंघात मत देतात.

हरिश्चंद्रगडाचं देऊळ, केदारेश्वराची गुहा, पाचनईची वाट हे अकोल्यात. खिरेश्वरवरून चढलात तर सुरुवात जुन्नर तालुक्यात, पुणे जिल्ह्यात. कोकणकड्याखालचं बेलपाडा मुरबाडमध्ये. गडावर कुणाला दुखापत झाली तर तुम्ही कुठल्या वाटेनं आलात त्यापेक्षा माणूस आत्ता कुठे आहे ते ११२ वर सांगा. कड्याखाली पडलेल्यासाठी ठाण्याकडून यावं लागतं, वर अडकलेल्यासाठी राजूरकडून, आणि चुकीचं सांगितलं तर पथक डोंगराच्या उलट्या बाजूला उभं राहतं.

१७. आमचं गाव धरणात गेलं. आता 'मूळ गाव' म्हणून काय लिहायचं?

मूळ गाव तेच. पाण्याखाली गेलं म्हणून महसुली दप्तरातून ते पुसलं जात नाही. संपादनाआधीचे सातबारे, फेरफार, खासरापत्रकं तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज देऊन मिळतात. अर्जात गावाचं जुनं नाव आणि जुना सर्व्हे क्रमांक द्या. पुनर्वसनानंतरचा गट क्रमांक दिलात तर 'नोंद आढळत नाही' असा शेरा येतो आणि माणूस निराश होऊन परत जातो. प्रकल्पग्रस्त दाखला जिल्हा पुनर्वसन कार्यालयातून निघतो. तो एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला नोकरीसाठी वापरता येतो, म्हणून भावाभावांनी आधी घरात बसून ठरवा, मग अर्ज करा. दाखला दुसऱ्याच्या नावावर करून घेता येतो, पण त्याला सर्वांची संमती लागते.

जुना क्रमांक कुणालाच आठवत नसेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. क्रमांक सांगता येणार नाही, पण 'वडाच्या अंगाला तुका पाटलाचं, खालच्या अंगाला ओढा' असं ते सांगतील. ते कागदावर घ्या आणि जुना गावनकाशा काढून त्यावर बोट ठेवायला लावा. एका आजींनी नकाशा उलटा धरून आधी नदी शोधली आणि मग दोन मिनिटांत स्वतःचं खाचर दाखवलं. क्रमांक बरोबर निघाला.